बॉयलरचा पहारेकरी

निझामाच्या राज्यात मी शिकलेला माणूस होतो. मुंबई राज्यात उतरलो आणि अडाणी झालो. मधे फक्त एक रात्र आणि दोन आगगाड्या गेल्या होत्या.

नांदेडकडच्या एका कापडगिरणीत मी बॉयलरवर होतो. सतराव्या वर्षी कोळसा ओढायला लागलो, पुढं सरकारी परीक्षा दिली आणि सनद मिळवली. आमच्याकडे शाळा, कचेरी, कोर्ट सगळं उर्दूत चालायचं. पैसासुद्धा वेगळा होता, हाली सिक्का. तेव्हा सनदही उर्दूतच होती. जाड कागद, वर शाही मोहोर, खाली तीन साहेबांच्या सह्या. बायकोनं ती पत्र्याच्या नळीत घालून ठेवली होती आणि वर्षातून एकदा मिरच्यांबरोबर तिलाही ऊन दाखवायची.

निझाम गेला, पाठोपाठ चार-पाच वर्षांत गिरणीही बसली. कुणीतरी सांगितलं, पुण्याजवळ पिंपरीला मोठा कारखाना उभा राहतोय. तिथं काय बनणार हे सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं, पण वाफ लागणार एवढं नक्की होतं. वाफ म्हटलं की बॉयलर आला, आणि बॉयलर म्हटलं की मी. एवढा सरळ हिशेब करून आम्ही दोघं निघालो.

नदीपलीकडे काळेवाडीत एका शेतकरणीनं गोठ्याला लागून असलेली पडवी भाड्यानं दिली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिनं आधी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुठलं म्हनायचं तुमी?"

"नांदेडकडचे," मी म्हणालो.

"म्हंजी निजामातलं? मंग मराठी कसं काय येतं वो तुमास्नी?"

बायको म्हणाली, "मग काय इंग्रजी बोलावं काय मावशी? मराठीच हाव आमी."

मावशीला ते पूर्ण पटलं नाही. पण गाय आमच्याकडे बघून बिथरली नाही, म्हणून तिनं जागा दिली.

नदीला पाणी होतं. पलीकडे जायला गुऱ्हाळातली जुनी काहील होती, गूळ आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई. तीच होडी. तिच्यात बसलं की ती पुढं जाण्याआधी दोनदा स्वतःभोवती फिरायची. सनदेची नळी डोक्यावर धरून मी पहिल्यांदा कारखान्यात गेलो तो गरगरतच. भरतीच्या कारकुनासमोर उभा राहिलो तेव्हाही जमीन डावीकडून उजवीकडे जात होती.

कारकून पुण्याचे होते. शर्टाच्या बाह्यांना शाई लागू नये म्हणून वर काळ्या कापडाचे मोजे चढवलेले. त्यांनी सनद उलगडली, उलटी धरली, सुलटी धरली आणि पुन्हा उलटीच धरली.

"हे काय आहे?"

"बॉयलरची सनद, साहेब."

"कुठली भाषा?"

"उर्दू."

"वाचा."

मी वाचायला लागलो. माझं नाव, वडिलांचं नाव, मग हुद्दा, 'निगरान-ए-बॉयलर, दर्जा दोयम.'

कारकुनांनी हात वर केला. "थांबा. दोयम?"

"होय साहेब. दुसरा वर्ग."

"म्हणजे तुमच्या स्वतःच्या सरकारनंच तुम्हाला दोयम दर्जाचं ठरवलंय. आणि हे तुम्ही आपणहून मला दाखवायला आणलंत?"

मी समजावू लागलो की बॉयलरवाल्यांत वर्ग असतात, पहिला आणि दुसरा, आणि दुसऱ्या वर्गाच्या माणसालाही केवढा बॉयलर सांभाळायला देतात. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शिवाय हे वाचणारे तुम्हीच. तुम्ही वाचणार आणि आम्ही विश्वास ठेवणार, असं सरकारी कामात होत नाही. त्रयस्थ माणसाकडून इंग्रजी भाषांतर करून आणा. सहीनिशी."

पिंपरीत उर्दू वाचणारा त्रयस्थ शोधायला फार लांब जावं लागलं नाही. फाळणीनंतर सिंधी लोकांची मोठी छावणी तिथं वसली होती. बरॅकीच्या तोंडाशी एक वयस्क गृहस्थ पापडाची टोपली घेऊन बसायचे. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा आणि कानामागे टाक. पापड विकणाऱ्याच्या कानामागे टाक कशाला, म्हणून मी चौकशी केली, तर ते सिंधमधल्या एका कोर्टातले मुन्शी निघाले. पंचवीस वर्षं त्यांनी कोर्टाचे कागद फारसी वळणाच्या भाषेतून इंग्रजीत केले होते.

त्यांनी सनद दोन्ही हातांत घेतली, पापडाची टोपली बाजूला सारली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"साईं," ते म्हणाले, "सात साल के बाद किसी ने मेरे हाथ में ढंग का कागज़ दिया है."

भाषांतराला त्यांनी दोन दिवस घेतले. पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी मी त्यांना मराठी शिकवायचं ठरलं, कारण पुण्याच्या कचेऱ्यांतून त्यांना प्रत्येक वेळी मराठी येत नाही म्हणून परत पाठवत होते. मला बरं वाटलं. दोन बेकार माणसांनी एकमेकांना कामावर ठेवलं होतं.

भाषांतर घेऊन मी पुन्हा कारकुनांपुढे उभा राहिलो. मुन्शीजींचं अक्षर मोत्यासारखं होतं. कारकुनांनी चष्मा पुसला आणि वाचत गेले. एका ओळीवर अडकले.

"यात हे पंधरा ब्राह्मण कोण?"

"कुठले ब्राह्मण, साहेब?"

त्यांनी बोट ठेवलं. मी वाकून बघितलं. तारीख होती. आमच्याकडे फसली साल, म्हणजे निझामाचं महसुली साल, चालायचं, आणि त्यातल्या एका महिन्याचं नाव बहमन. मुन्शीजींनी ते इंग्रजी अक्षरांत जसंच्या तसं उतरवलं होतं. पंधरा बहमन.

"तो महिना आहे, साहेब."

"आणि पुढचा आकडा? तेराशे पंचावन्न?"

"ते साल."

कारकुनांनी खुर्ची मागं सरकवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तेराशे पंचावन्न साली तुम्ही बॉयलरची परीक्षा पास झालात?"

"होय साहेब. फसली."

"काय फसली?"

शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक हसता हसता खुर्चीवरून घसरला. मीही हसायला हवं होतं, पण घरातलं ज्वारीचं गाठोडं मला त्या वेळी डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि त्यात वितभरच ज्वारी उरली होती.

कारकून वाईट माणूस नव्हते हे मला नंतर कळलं. त्यांना नियमात बसेल असंच काही करता यायचं, आणि त्या दिवशी त्यांनी मला नियमात बसवायचा खरोखर प्रयत्न केला. कागद पुन्हा वाचला. मुन्शीजींनी 'निगरान' या शब्दाचं भाषांतर 'गार्डियन' असं केलं होतं. गार्डियन ऑफ बॉयलर. कारकून ते तीन-चारदा पुटपुटले. गार्डियन म्हणजे पालक. पालक म्हणजे रक्षक. रक्षक म्हणजे... त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत? पहारेकऱ्याची जागा आहे की! बॉयलर पुढच्या आठवड्यात येतोय, खोक्यांतून. त्यावर बसायला माणूस हवाच आहे."

मी छावणीत गेलो आणि मुन्शीजींना हे सांगितलं. ते हादरलेच. "लेकिन गार्डियन अच्छा लफ़्ज़ है! हमारे कोर्ट में जो बच्चा नाबालिग हो, उसका गार्डियन होता है. बॉयलर नाबालिग, आप उसके वली!" त्यांच्या मते यापेक्षा मोठा हुद्दा नव्हता. मी त्यांना दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झालो.

बायकोनं गावी पत्र लिहवून घेतलं, 'ह्यांना बॉयलरवर नेमलंय.' ते शब्दशः खरं होतं. बॉयलर लांबलचक लोखंडी नळकांड्यासारखा आला, आणि सुटे भाग लाकडी खोक्यांत. मी खाकी डगला घालून सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्यावर बसून असायचो. मुख्य धोका सुतारांचा होता. त्यांना खोक्यांच्या फळ्या हव्या असायच्या.

रिकामं बसवेना, म्हणून मी एकेक खोकं उघडून आतल्या सामानाला तेल लावायला लागलो. झडपा पुसून गोणपाटात गुंडाळल्या. सुपरवायझरनं बघितलं आणि ओरडला, "काय चाललंय?"

"गंज चढू नये म्हणून, साहेब."

"तू चोरावर पहारा ठेव. गंज तुझ्या खात्यात येत नाही."

त्या दिवसांत मला राग फारसा यायचा नाही, लाज यायची. आमच्या गिरणीत भोंगा माझ्या हातानं वाजायचा. त्या भोंग्यावर अर्धं गाव उठायचं, जेवायचं. आणि इथं मी एका मुक्या लोखंडावर काठी घेऊन बसलो होतो. वडिलांना पत्र लिहिताना डगल्याचा उल्लेख केला, काठीचा केला नाही.

बॉयलर बसवून झाला आणि मुंबईहून मिस्त्री आले. जाडजूड, साठीला टेकलेले, सगळं आयुष्य गिरण्यांत काढलेले. एका कानानं ऐकू येत नव्हतं. त्यांच्याकडे मुंबई राज्याचं पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट होतं, इंग्रजीत, आणि त्यावर कुठेही ब्राह्मण नव्हते. त्यांना कोळसा टाकायला माणूस हवा होता. मी अर्ज केला आणि पहारेकऱ्याचा कोळसेवाला झालो. पगारात फरक पडला नाही, फक्त डगला काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री माझ्यामागे येऊन उभे राहिले. मी फावड्यानं कोळसा भट्टीत पातळ पसरत होतो, मागून पुढं, कडेनं थोडा जास्त. दार उघडलं की लगेच बंद. त्यांनी पाच-सहा फावडी बघितली.

"कोळसा टाकणारे पुष्कळ बघितले," ते म्हणाले. "तू पसरतोस. कुठं शिकलास, भाऊ?"

"निझामात. आठ वर्षं बॉयलर चालवला."

"मग इथं एवढे दिवस काय करत होतास?"

"रक्षण."

त्यांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी चांगला कान पुढं केला. मी सगळी हकिगत त्या कानात सांगितली. ते इतके हसले की त्यांना कोळशाच्या ढिगावर बसवावं लागलं. मग हसू थांबलं आणि त्यांनी एक शिवी दिली. ती कुणाला होती ते कळलं नाही, पण मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या पाळीला कंपनीनं मुंबईहून आणखी एक सर्टिफिकेटवाला आणला. पंधरा दिवसांत तो परत गेला. पिंपरीत मासळी मिळत नाही, हे कारण त्यानं राजीनाम्यात लिहिलं होतं. कायद्यानं बॉयलरजवळ सर्टिफिकेटवाला माणूस असायलाच हवा. तेव्हा मिस्त्री दोन्ही पाळ्यांना हजर राहू लागले. पहिल्या पाळीत जागे, दुसऱ्या पाळीत खाटेवर झोपलेले. झोपलेलं सर्टिफिकेट कायद्याला चालत होतं. जागा असलेला मी चालत नव्हतो. मी बॉयलर चालवायचो, ते घोरायचे, आणि पगाराच्या दिवशी आमच्यात जमीन-अस्मानाचं अंतर असायचं.

अशात राज्यांची नव्यानं आखणी झाली आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या दिवशी मी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पेपर हातात घेऊन कारकुनांकडे गेलो.

"साहेब, आता मी परका नाही. माझं गाव तुमच्याच राज्यात आलं."

त्यांनी पेपर वाचला, घडी करून परत दिला. "अभिनंदन. गाव आलं. सनद आलेली नाही."

मी मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते खाटेवर उठून बसले. "झालं तेवढं पुरे. तू इथली परीक्षा दे. तुझी परीक्षा म्हणजे माझी झोप."

अडचण नावांची होती. मला बॉयलरचा प्रत्येक खटका माहीत होता, पण परीक्षेपुरती त्यांची नावं अरबी-फारसी पाठ केली होती, आणि कामावर आम्ही त्यांना शिव्यांनीच ओळखायचो. आता सगळी इंग्रजीतून हवी होती. मिस्त्री सांगायचे आणि मी नदीवर, रस्त्यात, अंघोळीच्या दगडावर घोकायचो. सेफ्टी व्हॉल्व्ह, ब्लो-डाऊन कॉक, फ्यूजिबल प्लग, फीड चेक व्हॉल्व्ह.

आठ-दहा दिवस मावशीनं ऐकलं. एका सकाळी ती बायकोजवळ आली.

"तुजा दादला कोनत्या द्येवाचं म्हनतोय गं?"

बायको म्हणाली, "वाफेच्या."

"कडक द्येव दिसतोय," मावशी म्हणाली. "गाय दूध चोराया लागलीय. जरा तिच्याम्होरं म्हनाया सांग की."

मी नाही म्हणत होतो, पण पडवी तिची होती. गोठ्यात उभा राहून मी गाईला पूर्ण बॉयलर म्हणून दाखवला, दोन वेळा. गाईनं त्या दिवशी दूध दिलं. मावशीनं त्यातलं पेलाभर आम्हाला आणून दिलं आणि त्यानंतर महिनाभर मला रोज गोठ्यात हजेरी लावावी लागली. नावं पक्की पाठ झाली ती तिथंच.

अर्जाला मागच्या कामाचा दाखला जोडायचा होता, बॉयलरवर काम केल्याचा. कारकुनांनी रजिस्टर काढलं. त्यात मी आधी पहारेकरी आणि मग कोळसेवाला. "जे रजिस्टरात नाही ते मी लिहू शकत नाही," ते म्हणाले. मिस्त्री टेबलावर हात आपटून म्हणाले, "मग रजिस्टरात आहे तेच लिहा, पण लिहा." कारकुनांनी बराच विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सदर इसम बॉयलर आल्या दिवसापासून त्याच्या सान्निध्यात सतत हजर असून त्याच्या कारकिर्दीत बॉयलरला कोणतीही इजा झालेली नाही.' खाली सही, शिक्का. एकही शब्द खोटा नव्हता.

परीक्षेला मुंबईला गेलो. मुंबईचं मला काही आठवत नाही. आठवतं ते इन्स्पेक्टर साहेबांचं टेबल. त्यांनी दाखला वाचला आणि भुवया वर केल्या.

"सान्निध्यात? हे संतचरित्र आहे का? बॉयलरजवळ उबेला मांजरही हजर असतं."

मग प्रश्न सुरू झाले. नावं विचारली, मी गोठ्यातल्या चालीवर धडाधड सांगितली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काचेच्या नळीत पाणी दिसत नाही. भट्टी पेटलेली आहे. काय कराल?"

"पाणी सोडणार नाही, साहेब. आधी आग काढीन. ओढून काढता आली नाही तर ओल्या राखेनं दाबीन."

"पाणी कमी पडलंय आणि पाणी सोडणार नाही? का?"

इथं मला इंग्रजी आठवेना, फारसी आठवेना, पुण्याची मराठीही आठवेना. मी घरच्या भाषेत म्हणालो, "तापल्या तव्यावर गार पाण्याचा हबका मारल्यावर तवा काय करतंय साहेब? तडकतंय. तवा तडकला तर भाकर जाईल. हे तडकलं तर आपण जाऊ."

साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, मनगटावरच्या भाजल्याच्या जुन्या डागांकडे, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "पुरे," म्हणाले.

मी पास झालो. कारकुनांनी स्वतः उठून हात मिळवला आणि लगेच खाली बसून माझा पगार नवशिक्याच्या पायरीवर लावला. पहारेकऱ्याचा अनुभव बॉयलरला धरता येत नाही आणि निझामाकडचा मोजता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्री भांडायला गेले. वर दोन पायऱ्या मिळाल्या. मी सहा मागितल्या होत्या. त्या चार पायऱ्या कुठं गेल्या याचा विचार मी पुढं बरीच वर्षं अधूनमधून करायचो, आता करत नाही.

मुन्शीजींचीही एक मुलाखत त्याच सुमारास झाली, पुण्याच्या एका कचेरीत. आत जाताच त्यांनी अत्यंत अदबीनं विचारलं, "साहेब, काय करलालाव?" साहेबांनी विचारलं, तुम्ही नांदेडचे का? सिंधमधून आलेल्या माणसाला मी मराठी शिकवली होती, पण माझीच. ती नोकरी गेली. पुढं एका वकिलानं त्यांना लिहायला ठेवलं, आणि त्या वकिलाकडे मराठवाड्याची कुळं येऊ लागली तेव्हा पहिली बोलणी मुन्शीजीच करायचे.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची आणि घरच्यांना आत येऊ द्यायचे. त्या वर्षी बायको आली, आणि तिच्याबरोबर मावशीही नवं लुगडं नेसून आली. मी बॉयलरला झेंडूची माळ घातली होती. दोघींनी हळदकुंकू वाहिलं. मावशी त्या लोखंडी धुडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली.

"ह्ये करतंय तरी काय?" तिनं विचारलं.

"पाणी तापवतं, मावशी. त्याची वाफ होते, ती नळांतून जाते..."

"थांबा, थांबा. पानी तापिवतं?"

"हो."

"आन् त्येच्यासाठी तुमी म्हमईला जाऊन परीक्षा दिली?"

"हो."

मावशीनं बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मनात खूप दया असावी तसं बघितलं. "आरं लेकरा," ती म्हणाली, "पानी तर मी रोज तापिवते."

बायको पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली. मिस्त्रींना ऐकू गेलं नव्हतं, ते चांगला कान पुढं करून पुन्हा पुन्हा विचारत होते, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या? मी त्यांना सांगितलं नाही. मावशीच्या हातावर पेढा ठेवला आणि काचेच्या नळीतलं पाणी बघायला गेलो.